एन-टाईप म्हणजे 'न्यू टाईप' नव्हे, तात्या!

मागच्या महिन्यात गावाकडं गेलो होतो. तात्यांच्या शेतात सौरपंपाचे पॅनल येऊन पडलेले. तात्या म्हणजे माझे चुलते, वय सत्तरीच्या पुढं. त्यांनी मला पॅनलच्या मागचं स्टिकर दाखवलं आणि विचारलं, "तू पेपरवाला हायेस ना? मग सांग, हे एन-टाईप म्हंजे काय? दुकानदार म्हनला, एन म्हंजे न्यू. नवीन माल. म्हनून दोन पैसे जास्ती."

मी म्हणालो, "बघून सांगतो."

पत्रकारितेच्या डिप्लोमाला सायन्स नव्हतं आणि बारावीच्या फिजिक्सचं आता काही आठवत नाही. पण तात्यांना उत्तर द्यायचं म्हणून शोधायला लागलो आणि जे सापडलं ते लई मोठं निघालं. एका अक्षरामागं शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास. त्यात जर्मनी आहे, अमेरिका आहे, कलकत्ता आहे, कोल्हापूर आहे आणि आपला बीड जिल्हाही आहे. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी एन आणि पी समजून घेऊ

तांब्याच्या तारेतून वीज सहज जाते, काचेतून जात नाही. या दोन्हींच्या मधले जे पदार्थ, ते अर्धवाहक. सिलिकॉन हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध.

सिलिकॉनच्या प्रत्येक अणूकडं बाहेरच्या बाजूला चार इलेक्ट्रॉन असतात. शेजारच्या चार अणूंशी तो त्यांच्या जोड्या लावतो. आपल्या भाषेत सांगायचं तर कोयते लावतो. ऊसतोडीला जाणाऱ्याला सांगायला नको, कोयता म्हणजे जोडी, नवरा आणि बायको. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. शुद्ध सिलिकॉनमध्ये सगळे कोयते पूर्ण असतात, सगळे आपापल्या कामात अडकलेले. फिरायला मोकळं कुणी नाही, म्हणून वीज जवळजवळ वाहत नाही.

आता त्यात फॉस्फरसचा एक अणू घाला. त्याच्याकडं पाच इलेक्ट्रॉन. चौघांच्या जोड्या लागल्या, पाचवा एकटा उरला. तो तळावर मोकळा फिरतो. वीज वाहून नेणारा हाच. इलेक्ट्रॉनचा भार ऋण, म्हणजे निगेटिव्ह, म्हणून हा एन-टाईप.

फॉस्फरसऐवजी बोरॉन घातलं तर? बोरॉनकडं तीनच इलेक्ट्रॉन. एक जोडी अर्धी राहते, म्हणजे एक जागा रिकामी. शेजारच्या जोडीतला एक जण तिथं सरकतो, मग त्याची जागा रिकामी होते. असं करत करत रिकामी जागाच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जाते. ही रिकामी जागा धन भारासारखी वागते, पॉझिटिव्ह, म्हणून पी-टाईप.

या मिसळण्याला डोपिंग म्हणतात. आपण त्याला मोजून केलेली भेसळ म्हणू. किती मोजून? सौर सेलच्या पत्र्यात साधारण पन्नास लाख सिलिकॉन अणूंमागं एक परका अणू. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. म्हणजे असे दोन बीड जिल्हे घ्या आणि त्यात बाहेरचा एक माणूस आणून सोडा. त्या एकानं अख्ख्या पदार्थाचा स्वभाव ठरतो.

पी आणि एन हे दोन थर एकमेकांना चिकटवले की त्यांच्या सीमेवर एक आपोआपचा उतार तयार होतो. ऊन पडलं की जोड्या तुटतात, सुटलेले इलेक्ट्रॉन एका बाजूला आणि रिकाम्या जागा दुसऱ्या बाजूला घरंगळतात. दोन्ही टोकांना तार जोडली की वीज मिळाली. सौर पॅनल म्हणजे एवढंच. पण त्यासाठी दोन्ही प्रकार लागतात. नुसता पी किंवा नुसता एन असून भागत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

कार्बाईडचा वास

माझ्या लहानपणी आमच्या बसस्टँडमागं गॅस वेल्डिंगचं दुकान होतं. तिथं कार्बाईडचा डबा असायचा. पाणी पडलं की फसफस व्हायची आणि उग्र वास सुटायचा. आंबे पिकवायलाही लोक चोरून तेच वापरत. तो वास ज्यानं घेतला तो विसरत नाही. या वासाचा आणि तात्यांच्या पॅनलचा थेट संबंध आहे.

डोपिंगची सुरुवात सिलिकॉनपासून झाली नाही. १९०७ ते १९०९ च्या काळात जर्मनीत येना इथं कार्ल बेडेकर नावाचा भौतिकशास्त्रज्ञ काम करत होता. प्रवासाच्या गाईडबुकांसाठी प्रसिद्ध असलेल्या बेडेकर घराण्यातला हा मुलगा. (नाव वाचून लोणचं आठवलं असेल, पण आपले बेडेकर वेगळे.) त्यानं काचेवर तांब्याचा पातळ थर दिला आणि त्यावर आयोडीनची वाफ सोडली. कॉपर आयोडाइड तयार झालं. मग त्याच्या लक्षात आलं की आयोडीन कमी-जास्त केलं की या थरातून वीज वाहण्याचं प्रमाणही कमी-जास्त होतं. जाणूनबुजून भेसळ करून वहन बदलण्याचा हा पहिला नोंदलेला प्रयोग मानला जातो. तांबं आणि आयोडीन, दोन्ही साध्या वस्तू. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि पहिल्याच महिन्यात लीजच्या लढाईत हा माणूस मारला गेला. काम तिथंच थांबलं.

त्याच्याही आधी कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस गॅलेना म्हणजे शिशाच्या खनिजावर तार टेकवून बिनतारी लहरी पकडत होते. १९०१ मध्ये त्यांनी अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला आणि २९ मार्च १९०४ ला ते मिळालं. अर्धवाहकाच्या उपकरणाचं हे जगातल्या पहिल्या पेटंटांपैकी एक. पुढं नोबेल मिळवलेले नेव्हिल मॉट म्हणाले होते की बोस काळाच्या साठ वर्षं पुढं होते, पी आणि एन प्रकारांचा अंदाज त्यांना आधीच आला होता.

आता १९४०. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये रसेल ओल नावाचा माणूस रडारसाठी सिलिकॉनचे तुकडे तपासत होता. फेब्रुवारीत त्याच्या हाताला एक तुकडा लागला, मध्ये तडा गेलेला. त्यावर दिव्याचा उजेड पडला की त्यातून अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब निघायचा. कुणाचा विश्वास बसेना. शोध घेतल्यावर कळलं की वितळलेलं सिलिकॉन हळूहळू थिजताना त्यातली अशुद्धी एकसारखी पसरली नव्हती. तुकड्याचा एक भाग पी झाला होता, दुसरा एन, आणि मध्ये आपोआप सीमा तयार झाली होती. पी आणि एन ही नावं तिथंच पडली.

पण एन भागात नेमकं काय मिसळलंय? प्रमाण इतकं कमी की तेव्हाच्या रासायनिक तपासणीत ते सापडत नव्हतं. जॅक स्कॅफ आणि हेन्री थ्युरर हे धातूतज्ज्ञ त्या कांड्या कापत होते. कापताना त्यांना एक ओळखीचा वास आला, कार्बाईडवर पाणी टाकल्यावर येतो तसा. कार्बाईडचा तो उग्र दर्प मुळात ॲसिटिलीनचा नसतोच, त्यातल्या फॉस्फरसच्या वायूचा असतो. झालं, चोर सापडला. यंत्राला जे दिसलं नाही ते नाकानं पकडलं.

तात्यांच्या पॅनलमधला एन म्हणजे तोच फॉस्फरस.

एन, मग पी, आणि परत एन

२५ एप्रिल १९५४ ला बेल लॅबच्या चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी जगाला सिलिकॉनचा सौर सेल दाखवला. उन्हातल्या सहा टक्के ऊर्जेची वीज करणारा. आपला बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. निजामी जाऊन सहा वर्षंही झाली नव्हती. १९५५ मध्ये त्यांनी हे पॅनल पहिल्यांदा खांबावर चढवलं ते अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावात, खेड्यातल्या टेलिफोन लाईनसाठी. तो भागही कापसाचाच.

गंमत अशी की तो १९५४ चा पहिला सेल एन-टाईप सिलिकॉनवरच केलेला होता, वरून बोरॉनचा पातळ पी थर. म्हणजे एन-टाईप ही 'न्यू' नाही, सगळ्यात जुनी गोष्ट आहे.

मग मधल्या काळात पी कुठून आलं? अवकाशातून. उपग्रहांवर सेल बसवायला लागल्यावर कळलं की अवकाशातल्या किरणांच्या माऱ्यात पी-टाईपवर केलेले सेल जास्त टिकतात. जुलै १९६२ मध्ये अमेरिकेनं पॅसिफिकवर खूप उंचीवर अणुस्फोट केला आणि दुसऱ्याच दिवशी टेलस्टार उपग्रह सोडला. त्यावरचे सेल अशा नव्या पद्धतीचे होते. कारखान्यांनी तीच पद्धत उचलली आणि पुढची पन्नास-साठ वर्षं जमिनीवरच्या पॅनलातही पी-टाईप चाललं, जमिनीवर तसा किरणांचा मारा नसताना. एकदा वहिवाट पडली की पडली, हे आपल्याला शेताच्या बांधावरून माहीतच आहे.

पी-टाईपची एक खोड होती. बोरॉन आणि सिलिकॉनमध्ये राहिलेला ऑक्सिजन यांची उन्हात युती होते आणि नवीन पॅनलची ताकद सुरुवातीलाच एक-दोन टक्के घसरते. ही खोड १९७३ पासून माहीत होती. एन-टाईपला ती नाही, पण ते करायला महाग होतं. गेल्या दहा-बारा वर्षांत जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेनं पुढं आणलेली टॉपकॉन पद्धत स्वस्त झाली आणि २०२४ पर्यंत जगाच्या बाजारात एन-टाईपनं पी-टाईपला मागं टाकलं. तात्यांच्या स्टिकरवर जे अक्षर आहे ते या उलथापालथीतून आलेलं.

आपल्या पायाखाली काय आहे?

या सगळ्यात आपण कुठं होतो? १९६० मध्ये पुण्यात दामोदर धर्मानंद कोसंबींनी रोटरी क्लबमध्ये एक भाषण दिलं. विषय होता भारतासाठी अणुऊर्जा. गोव्यात जन्मलेला हा गणिती आणि इतिहासकार त्या काळी सांगत होता की आपल्यासारख्या देशानं उन्हाकडं बघावं, ऊन सगळीकडं पडतं, त्याला वाहून न्यायला लागत नाही. तेव्हा ते ऐकणारे थोडेच होते. १९७७ मध्ये साहिबाबादच्या सरकारी सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स कंपनीनं देशातला पहिला सौर सेल बनवला. सुरुवात झाली, पण रेटा लावला नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार पॅनल बनवण्याच्या सगळ्या टप्प्यांत चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेलेला आहे.

लोक म्हणतात, सिलिकॉन काय, वाळू आहे, सगळीकडं पडलीय. खरंय. पृथ्वीच्या कवचाचा चौथ्या हिश्शापेक्षा जास्त भाग सिलिकॉन आहे. आपल्या बालाघाटचा काळा पाषाणही जवळपास अर्धा सिलिकाच आहे. पण खडकातून सेलपर्यंत जायला स्वच्छ गारगोटी लागते, प्रचंड वीज खाणाऱ्या भट्ट्या लागतात, १४१४ अंशाला वितळवावं लागतं. मुबलक असणं आणि हाताशी असणं यात फरक आहे. आपल्याकडं पाऊसही पडतो आणि टँकरही लागतो, तसं.

म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरा रस्ता शोधला. सिलिकॉनचा पत्रा शंभर मायक्रॉनच्या वर जाड लागतो. काही पदार्थ असे आहेत की ज्यांचा एक-दोन मायक्रॉनचा थरसुद्धा ऊन पिऊन टाकतो. बाजारात आलेल्या अशा पातळ थरांच्या पॅनलात कॅडमियम, टेल्युरियम, इंडियम वापरतात. कॅडमियम विषारी, बाकीचे दोन दुर्मिळ. मग प्रश्न आला की तांबं, जस्त, कथिल, लोखंड, गंधक या बाजारात किलोवर मिळणाऱ्या वस्तूंतून सेल होईल का?

आता कोल्हापूरचा भाग. शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे, पी. एस. पाटील यांच्यासारख्या प्राध्यापकांनी काही दशकं नेमकं हेच काम केलं. महागडी निर्वात यंत्रं नसताना पातळ थर कसे द्यायचे? लोखंडे सरांच्या गटाची वाट साधी. काचेची पट्टी बीकरमधल्या द्रावणात बुडवायची. दुसरी पद्धत चार बीकरांची. एकात धातूचं द्रावण, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात गंधकाचं द्रावण, चौथ्यात परत पाणी. पट्टी एकामागून एक बुडवत जायची, प्रत्येक फेरीला एक बारीक थर चढतो. ही चार भांड्यांची पद्धत १९८५ च्या सुमारास फ्रान्समधून आली, पण तिच्यावर २००४ मध्ये कोल्हापुरातून निघालेला पठाण आणि लोखंडे यांचा आढावा जगभर वाचला गेला. पाटील सरांचं काम द्रावणाचा फवारा तापलेल्या काचेवर मारण्याचं. या शाळेतून तयार झालेली माणसं पुढं पुणे, नांदेडच्या विद्यापीठांत गेली, दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूच्या चोन्नम विद्यापीठापर्यंत पोचली. खेड्यातल्या, मराठी माध्यमातल्या पोरांना जागतिक विज्ञानात शिरायला हे बीकरचं दार मिळालं. यावर आपल्याकडं लिहिलं जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

माझा मित्र, डॉक्टर

त्या दारातून आत गेलेला एक जण माझा वर्गमित्र. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. आईवडील ऊसतोड मजूर. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघायची, कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांकडं. हा आजीजवळ राहून शिकला. पुढं पीएच.डी.ला कोल्हापूरला गेला. त्या हिवाळ्यात आईवडील शिरोळकडं फडात होते आणि पोरगा पन्नास-साठ किलोमीटरवर प्रयोगशाळेत. रविवारी भाकरी खायला कोपीवर जायचा. गावात त्याला डॉक्टर म्हणतात आणि नवा माणूस विचारतो, "माणसाचा का ढोराचा?"

त्याचा विषय होता कथिल सल्फाइड. कथिल आणि गंधक, दोन्ही स्वस्त आणि बिनविषारी. ऊन चांगलं पितो. अडचण एकच, तो नेहमी पी-टाईपच निघतो. त्यात कथिलाचे काही अणू आपापल्या जागेवरून गायब असतात आणि त्या रिकाम्या जागा आपोआप पी-टाईपचं काम करतात. निसर्गानंच आधी भेसळ करून ठेवलीय. माझ्या मित्राला त्याचा एन-टाईप करायचा होता.

तपासायची पद्धत त्यानं मला एकदा दाखवली. मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात असतो तसा मल्टिमीटर आणि एक सोल्डरिंगचं तापवलेलं टोक. एक टोक गरम, एक थंड, दोन्ही थरावर टेकवायची. वीज वाहणारे कण गरम जागेकडून थंड जागेकडं पळतात. ते इलेक्ट्रॉन असतील तर आकडा एका चिन्हाचा येतो, रिकाम्या जागा असतील तर उलट्या चिन्हाचा. म्हणजे पी की एन हे मीटरच्या एका वजाच्या खुणेवर कळतं.

तीन वर्षं त्यानं वेगवेगळी द्रावणं करून पट्ट्या बुडवल्या. रोज संध्याकाळी मीटर लावायचा. रोज तेच चिन्ह.

असं का होतं ते त्यानं माझ्याच भाषेत समजावलं. "तू निवडणुका कव्हर करतोस ना? पी-टाईपचं बहुमत आहे. मी बाहेरून एनचे उमेदवार आणतो. पण मी जितके आणतो, तितके त्यांना पाडणारे आतूनच तयार होतात. पदार्थ स्वतःहून आणखी जागा रिकाम्या करतो आणि माझी मतं बाद करतो." याला शास्त्रात स्वयं-भरपाई म्हणतात. सिलिकॉनमध्ये हे होत नाही, तिथं मैदान स्वच्छ आहे, पन्नास लाखांत एक माणूसही निकाल फिरवतो. या मुबलक, स्वस्त पदार्थांत आधीच इतकी आतली गर्दी असते की निकाल फिरवणं अवघड.

आणि हे फक्त कथिल सल्फाइडचं नाही. तांब्याचा ऑक्साइड घ्या. १९२० च्या दशकापासून त्याचे एसीचं डीसी करणारे रेक्टिफायर बनत होते. तोही हट्टी पी. तांबं, जस्त, कथिल आणि गंधक एकत्र केलेला केस्टराइट, ज्यावर कोल्हापुरातही ए. व्ही. मोहोळकर यांच्या गटानं बरंच काम केलं, तोसुद्धा पी. त्यात जस्ताच्या जागेवर तांबं जाऊन बसतं. १९८८ मध्ये जपानमध्ये त्याचा पहिला प्रकाशीय परिणाम दिसला, २०१३ मध्ये आयबीएमनं १२.६ टक्क्यांपर्यंत नेला, आता १४ च्या पुढं गेलाय. पण त्याला एन-टाईप जोडीदार हवा. तो स्वतःमधून मिळत नाही, म्हणून वरून कॅडमियम सल्फाइडचा थर देतात. कॅडमियम नको म्हणून ज्याच्याकडं गेलो, त्याच्या घरात कॅडमियमच येऊन बसलं! म्हणून सुरुवातीला म्हणालो, नुसता पी असून भागत नाही.

मित्रानं प्रबंधात खरं तेच लिहिलं, एन-टाईप झाला नाही म्हणून. त्याचा एन झाला नाही, पण प्रश्न चुकीचा नव्हता. पुढच्या काळात जपानच्या संशोधकांनी गंधकाच्या काही जागी क्लोरीन, ब्रोमीन बसवून कथिल सल्फाइडचे एन-टाईप स्फटिक बनवले आणि तोहोकू विद्यापीठात त्याच पदार्थाचे पी आणि एन जोडून सेलही केला. त्याची कार्यक्षमता अजून अगदी थोडी आहे, पण दार उघडलं. २०१८ मध्ये टोकियोच्या गटानं तांबं आणि हवेतला नत्र यांपासून बनणारा कॉपर नायट्राइड घेतला आणि फ्लोरीन मिसळून एनचा पी करून दाखवला.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर घरातल्या एलईडी बल्बकडं बघा. त्यातल्या गॅलियम नायट्राइडचा एन-टाईप सहज व्हायचा, पी-टाईप होत नव्हता. जगातल्या मोठ्या कंपन्यांनी नाद सोडला. जपानमध्ये अकासाकी आणि अमानो यांनी १९८९ मध्ये मॅग्नेशियम घालून तो करून दाखवला, नाकामुरांनी पद्धत सोपी केली, निळा एलईडी आला, त्यातून पांढरा उजेड आला. २०१४ चं नोबेल तिघांना मिळालं. आज वाडी-तांड्यावर नऊ वॅटच्या बल्बात पोरं अभ्यास करतात ती एका पदार्थाचा प्रकार बदलता आला म्हणून.

मग आपलं काय?

मित्राला मी विचारलं, जपानचं वाचून वाईट वाटलं का? म्हणाला, "नाही रे. उलट बरं वाटलं, रस्ता तोच होता. त्यांनी एकेक स्वच्छ स्फटिक वाढवला, माझा थर बारीक कणांचा होता. आपल्याकडं ती सोय नव्हती." मग थोडं थांबून म्हणाला, "वाईट याचं वाटतं की आता मी मीटरसुद्धा लावत नाही."

तो आज एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. पीएच.डी. आहे, सेट झालेला आहे, वय पंचेचाळीस. जितके तास तितके पैसे, तेही महिनोन्महिने रखडतात, आणि सुट्ट्यांत काहीच नाही. पोरांना तो पी-एन जंक्शन शिकवतो, पण तिथल्या प्रयोगशाळेत त्याच्यासाठी जागा नाही. असे किती जण आपल्या जिल्ह्यात आहेत, जरा आजूबाजूला बघा.

आता दुसरी बाजू. परळीचं थर्मल १९७१ पासून वीज देतंय. २०१३ च्या दुष्काळात पाणी नव्हतं म्हणून ते अख्खं बंद ठेवावं लागलं होतं, आठवतंय ना? राख आपल्याला, वीज राज्याला. आता उन्हाचा जमाना आला. माळरानं भाड्यानं जातायत, सौर प्रकल्प येतायत. मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेत शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के. रात्रीची लाईट, साप, बिबट्या यातून सुटका होतेय, हे चांगलंच आहे. मी सौरपंपाच्या विरोधात नाही.

पण जमीन आपली, ऊन आपलं, आणि पत्रा, त्यातला फॉस्फरस, त्याचं ज्ञान सगळं बाहेरचं. परळीच्या वेळी जे झालं तेच परत होणार असेल तर त्याला प्रगती म्हणताना मला अडखळायला होतं. उसाच्या बाबतीतही आपण हेच केलं, मनगट पुरवलं आणि साखर दुसरीकडं राहिली.

बीडमध्ये सिलिकॉनची भट्टी काढा असं मी म्हणत नाही, ते हवेतलं बोलणं होईल. मागणं छोटं आहे. जिल्ह्यातल्या विज्ञान महाविद्यालयांतल्या रिकाम्या जागा भरा. इथं सौर प्रकल्प उभारणाऱ्या कंपन्यांच्या सामाजिक निधीतून कमानी आणि बाकडी देण्याऐवजी दोन महाविद्यालयांत पातळ थरांची साधी प्रयोगशाळा करा. बीकर, हॉटप्लेट, भट्टी, मीटर. हे काम अशाच सामानावर कोल्हापुरात उभं राहिलं होतं. आपल्या पोरांतून एकानं जरी एखाद्या हट्टी पदार्थाचं चिन्ह बदललं तरी खर्च वसूल. आणि नाही बदललं तरी, माझ्या मित्रानं लिहिलं तसं खरं काय ते लिहायला शिकतील.

गेल्या रविवारी तात्यांकडं परत गेलो. सांगितलं, "तात्या, एन म्हंजे न्यू नाही. एन म्हंजे त्यात फॉस्फरस मिसळलाय. माल चांगलाय, तापल्यावर आणि सुरुवातीला जरा कमी घसरतो. पण दोन पैसे जास्त द्यायचे तर वॉरंटीचा कागद नीट बघा, आणि पंधरा दिवसाला पॅनल धुवा. धूळ बसली तर एन काय अन् पी काय."

तात्यांनी पॅनलवरून हात फिरवला. म्हणाले, "फॉस्फरस म्हंजे आपल्या डीएपीतला स्फुरद का?"

म्हटलं, "तोच."

"मग आधी सांगायचं की," तात्या म्हणाले. "इतकं काय अवघड होतं त्यात?"

मित्राला फोन करून हे सांगितलं. लई दिवसांनी तो मोठ्यानं हसला. म्हणाला, सोमवारी पोरांना हेच उदाहरण देतो.

तुमच्या गावात असा कुणी 'डॉक्टर' असेल, तासिकेवर असेल, तर त्याचा विषय काय होता ते एकदा विचारा. आणि खाली कमेंटमध्ये लिहा. नाव नका लिहू, नुसता विषय लिहा. बघू तरी, आपल्या जिल्ह्यात किती ज्ञान रिकामं बसलंय.